खाद्य उद्योगात मुलं टिकवायची तर आधी सुपरवायझर गाठा

प्रश्न: आमची संस्था रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्यात काम करते. दहावी-बारावीपर्यंत शिकलेली आणि पुढे काही न जमल्याने घरी बसलेली वीस-पंचवीस मुलंमुली आमच्या संपर्कात आहेत. आसपास आंबा पल्पचे, काजूचे, मासळीचे कारखाने आहेत, पर्यटनामुळे हॉटेलंही आहेत. गेल्या वर्षी आम्ही काही जणांना कामाला लावून दिलं. बहुतेक महिन्याभरात परत आले. मालक म्हणतात, हल्लीच्या पोरांना काम नकोय. पोरं म्हणतात, नुसतं धुवायला आणि पुसायला लावतात, शिकवत कोणी नाही. मार्ग कसा काढायचा? आणि सरकारी योजनांपैकी कोणती घ्यावी?

उत्तर:

ताई, मालक आणि पोरं दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत. पण ज्या माणसाच्या हातात सगळं असतं, त्याचं नाव दोघंही घेत नाहीत. तो माणूस म्हणजे शिफ्टचा सुपरवायझर. हॉटेलात तो एक सेक्शन सांभाळणारा शेफ (सीडीपी) असतो, बेकरीत भट्टीवरचा उस्ताद, छोट्या खानावळीत आचारी. मालकाने होकार दिला, ऑफिसने फॉर्म भरून घेतले, संस्थेने फोटो काढला, सगळं झालं. सोमवारी सकाळी साडेसातला तुमचा मुलगा ज्याच्यासमोर जाऊन उभा राहतो, त्याला मात्र कोणी काहीच सांगितलेलं नसतं. त्याच्या डोक्यावर आजचा माल काढायचा भार असतो आणि त्यातच दोन कामगार रजेवर असतात. तो या मुलाला क्रेट धुवायला बसवतो, कारण तिथे चूक झाली तरी माल वाया जात नाही. आणि क्रेटवर बसलेला मुलगा क्रेटवरच राहतो. तिथे माणूस रोज लागतोच, आणि त्याला तिथून उचलून दुसरीकडे लावायचं काम कोणाच्याच यादीत नसतं.

मी आधी हॉटेलच्या किचनमध्ये, मग फळप्रक्रिया कारखान्यात उत्पादन आणि क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी) सांभाळलं, आता मुलांना अशा ठिकाणी लावून देण्याचं काम करते. त्यामुळे हा प्रसंग मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय. माझा सल्ला असा की मालकाच्या केबिनमध्ये पंधरा मिनिटं द्या आणि सुपरवायझरजवळ अर्धा दिवस काढा. हेअरनेट घालून, परवानगी घेऊन, लाइनवर उभ्या राहा. त्याला दोनच गोष्टी विचारा. नवीन माणसाचं कुठलं काम चुकलं की तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास होतो? आणि तुमच्या हाताखालचा कोण माणूस उद्या सोडून गेला तर तुमची लाइन अडेल? पल्पच्या कारखान्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा सीमिंग असतं. डब्याचं झाकण नीट दुमडलं गेलं नाही, तर डबा फुगतो किंवा गळतो. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे तुमच्या मुलांनी सहा महिन्यांत जिथपर्यंत पोचायचं ती जागा.

या दोन उत्तरांवरून एक पानभर वेळापत्रक बनवा. कुठल्या आठवड्यात मुलगा कुठल्या कामावर असेल, त्या आठवड्याच्या शेवटी त्याला काय एकट्याने करता आलं पाहिजे, आणि ते आलं की सुपरवायझरची सही. एवढंच. हे पान शिफ्टच्या खोलीत भिंतीवर लागलं पाहिजे, एचआरच्या फायलीत नाही. भिंतीवरच्या कागदावर सही करायची राहिली तर चार माणसांना दिसते. मालकाची सही त्या पानाच्या तळाशी घ्या, म्हणजे सुपरवायझरला एखाद्या दिवशी मुलाला लाइनवरून हलवायचं असेल तर त्याला कारण आणि आधार दोन्ही मिळतो.

सुपरवायझरने हे का करावं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रास्त आहे. त्याचा पगार मालावर ठरतो, शिकवण्यावर नाही. काही मालक तीन महिने टिकलेल्या प्रत्येक मुलामागे सुपरवायझरला थोडी रक्कम देतात. मागून पाहा, नाही म्हणाले तर म्हणू देत. पण पैशांपेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त चालते. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्टॅक प्रशिक्षण कार्यक्रमात दर पंचवीस अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा सुपरवायझर असावा अशी अपेक्षा आहे, आणि त्याचा छोटा अभ्यासक्रम असतो. अनेक युनिटांत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाकडे स्वतःच्या नावाचा एकही कागद नसतो. त्याला आधी तो मिळवून द्या. ज्याच्या हातात पहिल्यांदा प्रमाणपत्र आलंय तो माणूस पोरांना वेगळ्या नजरेने शिकवतो, हे मी बघत आलेय. आणखी एक: हा माणूस बऱ्याचदा उत्तर प्रदेश, बिहार किंवा नेपाळकडचा असतो, बेकरीत तर हमखास. आपल्या गावच्या पोरांना हिंदी समजतं, पण प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही. पाठवण्याआधी आठवडाभर त्यांच्याशी रोज अर्धा तास हिंदीत बोला, अगदी हसत-खेळत.

आता धुण्या-पुसण्याबद्दल. इथे मी पोरांच्या बाजूने पूर्ण नाही. खाद्य उद्योगात साफसफाई हा पहिला धडा आहे आणि तो टाळता येत नाही. पण तो धडा म्हणून दिला गेला पाहिजे. धुणं म्हणजे आधी उष्टं-खरकटं काढणं, मग साबण, मग साधं पाणी, मग निर्जंतुक करणारं द्रावण, आणि शेवटी हवेवर वाळवणं. फडक्याने पुसलं की आधीच्या चार पायऱ्यांवर पाणी, कारण फडकं सगळ्यात घाण. हे कारण सांगितलं की मुलगा फडकं टाकतो. नाही सांगितलं तर सुपरवायझरची पाठ वळली की उचलतो. तसंच क्लोरीनचं. भाज्या-फळं धुवायला साधारण ५० पीपीएमचं, म्हणजे दहा लाख भागांत ५० भाग क्लोरीन असलेलं, पाणी वापरतात. शंभर लिटर पाण्याला ४ टक्क्यांचं हायपो, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, किती घालायचं? उत्तर १२५ मिली. हे गणित ज्याला स्वतः करता येतं आणि पट्टी बुडवून तपासता येतं, तो मुलगा 'धुणारा' राहत नाही, सॅनिटेशनचा माणूस होतो. मोठ्या युनिटांत ही वेगळी जबाबदारी असते आणि तिचा पगारही वेगळा. म्हणून माझ्या वेळापत्रकात पहिले दोन आठवडे सफाईचे असतात, ते मी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना आधीच सांगते. तिसऱ्या आठवड्यातही मुलगा तिथेच असेल तर मात्र फोन जातो, आणि तो मालकाला नाही, सुपरवायझरला.

तुमच्या भागातल्या कामांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण 'फूड कंपनी' म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजलं की गडबड होते.

पल्पचे कारखाने सीझनचे. एप्रिल ते जून कामाचा मारा, शिफ्टवर शिफ्ट, नंतर बरेचसे थंड. सहा महिन्यांचं प्रशिक्षण म्हणून मुलाला तिथे लावलं तर अर्धा काळ तो रिकामा बसेल. पण शिकायला मात्र ती जागा फार चांगली. आंबा उतरवणं, पिकवणं, निवडणं, धुणं, साल-कोय वेगळी करणं, पल्पिंग, उष्णता देणं, ३.१ किलोच्या डब्यात भरणं, सीमिंग, मग पुन्हा उष्णता आणि थंड करणं, अशी सगळी साखळी एका छपराखाली दिसते. रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स (गोडीचा आकडा) बघणं, पीएच (आंबटपणा) बघणं हे दहावीचा मुलगा दोन दिवसांत शिकतो. हापूसच्या पल्पचा ब्रिक्स साधारण सोळाच्या पुढे असावा लागतो आणि तो आकडा वहीत लिहिण्याची जबाबदारी मिळाली की मुलाचा चेहराच बदलतो. म्हणून पल्पला सीझनपुरतं पाठवा, आणि जूननंतर तो कुठे जाणार हे एप्रिलच्या आधी ठरवून ठेवा. कोकम, आवळा, लोणची-सरबतं करणारी छोटी युनिटं किंवा घाटावरची एखादी कंपनी यांच्याशी आधीच बोलून ठेवलं तर साखळी तुटत नाही.

काजूत शिकण्यासारखं एक मोठं कौशल्य आहे, ते म्हणजे ग्रेडिंग. डब्ल्यू १८०, डब्ल्यू २१०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०, म्हणजे एका पौंडात अंदाजे किती अख्खे गर बसतात त्याचा आकडा. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. डोळ्याने आणि हाताने हे ओळखायला वेळ लागतो, पण एकदा आलं की कोकण, गोवा, कोल्हापूरकडच्या चंदगड-आजऱ्यापर्यंत कुठेही काम मिळतं. काजू फोडण्याच्या विभागात मात्र टरफलातलं तेल हाताला लागलं तर कातडी भाजते. हातमोजे मिळतात का, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मुलीला तिथे बसवू नका. बऱ्याच ठिकाणी मजुरी किलोवर असते. किलोवरच्या कामात शिकणारा कायम मागे पडतो, म्हणून पहिले दोन महिने रोजंदारी ठरवून मागा.

मासळीचे निर्यात कारखाने शिस्तीत सगळ्यांत वर. आत जाताना गमबूट क्लोरीनच्या पाण्यात बुडवून जायचं, हात बुडवायचे, दागिना नाही, नखं नाहीत. परदेशी खरेदीदारांची माणसं तपासायला येतात, त्यामुळे नोंदी खऱ्या ठेवाव्या लागतात. एचएसीसीपी (अन्नातला धोका कुठे येऊ शकतो ते ओळखून तिथेच रोखायची पद्धत) म्हणजे काय हे पुस्तकातून समजावत बसण्यापेक्षा महिनाभर तिथे काम केलेलं बरं. पण थंडी! बर्फात हात बधिर होतात, उभं राहून कंबर जाते, आणि वास अंगातून जात नाही. घरी मासळीची सवय असलेल्या भंडारी, खारवी किंवा दालदी घरातली मुलं तिथे सहज रमतात. बाकीच्यांना आधी एक दिवस नुसतं दाखवून आणा आणि मग विचारा.

हॉटेल हे वेगळंच जग. तिथे कामापेक्षा वेळ मारते. ब्रेक शिफ्ट असते, म्हणजे सकाळचं काम संपवून दुपारी तीन-चार तास मोकळे आणि पुन्हा संध्याकाळी सातपासून रात्री साडेअकरा. गाव सात किलोमीटरवर असेल तर तो मधला वेळ ना घरचा ना हॉटेलचा. म्हणून हॉटेलात राहण्याची सोय आहे का, हा पहिला प्रश्न. ती खोली बघून या, संडास बघून या. हॉटेलच्या मालकाला हे आवडत नाही, तरी बघाच. कामाच्या बाजूने सांगायचं तर चांगल्या किचनमध्ये मुलगा सहा महिन्यांत सुरी धरायला, सकाळची तयारी करायला, रंगीत चॉपिंग बोर्ड वेगळे ठेवायला, शिजवलेलं ६० अंशांच्या वर नाहीतर ५ अंशांच्या खाली ठेवायला शिकतो. जिथे आचारी मसाल्याचं प्रमाण कोणाला बघू देत नाही, तिथे मुलगा कांदे सोलण्यातच म्हातारा होईल. हे ओळखण्याची माझी एक खूण आहे. किचनमध्ये कुठेतरी भिंतीवर किंवा वहीत रेसिपी वजनात लिहिलेली दिसते का बघा. लिहिलेली असेल तर तिथे शिकवणं शक्य आहे.

बेकरी मला स्वतःला सगळ्यांत आवडते, आणि का ते सांगते. गणितात नापास झालेल्या मुलांना तिथे गणित येतं. बेकरीत मैदा नेहमी शंभर धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत. पाणी ६०, मीठ २, ओलं यीस्ट अडीच. दहा किलो मैदा असेल तर पाणी ६ लिटर, मीठ २०० ग्रॅम, यीस्ट अडीचशे. आज साडेसात किलोच मैदा आहे, कर. पहिल्या दिवशी मोबाइलवर करतो, चौथ्या दिवशी तोंडी. चुकला तर गोळा सैल पडतो किंवा पाव फुगत नाही आणि संध्याकाळी सगळ्यांना दिसतं, त्यामुळे मास्तरांनी लाल शाईने काही लिहावं लागत नाही. मी पाठवण्याआधीच्या तयारीतही हेच वापरते, भले मुलं मासळीला जाणार असोत.

तयारी किती दिवसांची हवी, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. पाच-सहा दिवस पुरे. तीन-तीन महिन्यांच्या वर्गांवर माझा विश्वास नाही. मुलं कंटाळतात आणि खऱ्या लाइनची गती वर्गात येत नाही. या दिवसांत टक्केवारी, वजनकाटा, थर्मामीटर, हात धुण्याची रीत, हिंदी, आणि सलग चार तास उभं राहणं एवढं करून घ्या. हो, उभं राहणं. पहिल्या आठवड्यात पोरं परत येतात त्यातली निम्मी पाय सुजले म्हणून येतात आणि कारण दुसरंच सांगतात. कागदपत्रंही याच आठवड्यात: आधारशी जोडलेलं बँक खातं, शाळा सोडल्याचा दाखला, आणि वैद्यकीय तपासणी. अन्न हाताळणाऱ्यांची तपासणी वर्षातून एकदा व्हावी आणि टायफॉइडसारख्या पोटाच्या आजारांची लस घेतलेली असावी, हे एफएसएसएआयच्या नियमांत आहे. हा खर्च खरं तर मालकाचा. छोटे मालक कुरकुर करतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एकत्र नेलं तर वाद मिटतो.

वयाचं बघा. शिकाऊ उमेदवारी कायद्यात किमान वय १४ आहे आणि धोक्याच्या कामांना १८. मी अठराच्या खाली कोणालाही पाठवत नाही. दहावी नापास झालेली पोरं बहुधा सोळा-सतराची असतात, त्यांना आयटीआयच्या बेकर अँड कन्फेक्शनर किंवा फूड प्रॉडक्शनच्या प्रवेशाकडे वळवा किंवा पुन्हा परीक्षेला बसवा.

आता योजना. तुमच्या मुलांच्या शिक्षणावरून निवड आपोआप होते.

बारावी झालेल्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, २०२४ मध्ये सुरू झाली. वय १८ ते ३५, बारावीला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार, आणि हे विद्यावेतन सरकार थेट खात्यात देतं. मुळात सहा महिन्यांची, पुढे मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. मालकाच्या खिशाला तोशीस नाही म्हणून तो लगेच हो म्हणतो, आणि माझी सगळी धास्ती तिथेच आहे. जे माणूसबळ फुकट येतं त्याला शिकवायची घाई कोणाला नसते. या योजनेतून पाठवायचं असेल तर मालकाला वर स्वतःचे थोडे तरी पैसे घालायला लावा, भले जेवण आणि येण्या-जाण्याचं भाडं का असेना. पैसे घातले की तो बघतो.

दहावीवाल्यांना ही योजना लागू नाही. त्यांच्यासाठी शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. १९६१ च्या कायद्यानुसार चालते, ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावेच लागतात, आणि ४ ते २९ माणसं असतील तर मर्जी. ही मर्जी म्हणजे तुमच्या गावातल्या बेकऱ्या आणि मधल्या आकाराची हॉटेलं. त्यांना बिचाऱ्यांना आपण यात बसतो हेच माहीत नसतं. २०१९ च्या नियमांत पाचवी ते नववीला किमान ५ हजार, दहावीला ६ हजार, बारावीला ७ हजार असं विद्यावेतन धरलं होतं. करार करण्याआधी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर चालू दर बघून घ्या. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत यातले २५ टक्के, जास्तीत जास्त दीड हजार, केंद्र सरकार भरतं आणि आता ते थेट उमेदवाराच्या खात्यात येतात. ऐच्छिक ट्रेडमध्ये (उद्योगाने स्वतः ठरवलेल्या कामांत) मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत ठेवता येते. प्रक्रिया उद्योगाची प्रमाणपत्रं फिक्सी या क्षेत्र कौशल्य परिषदेकडून होतात, हॉटेलची पर्यटन-आतिथ्य परिषदेकडून.

या वाटेतली मेख अशी: शिकाऊ उमेदवार कायद्याने 'कामगार' नसतो. त्यामुळे पीएफ नाही, आणि मुदत संपल्यावर मालकाने नोकरी द्यावीच असंही नाही. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मात्र मालकाची. म्हणजे वाईट मालकाच्या हातात हेच स्वस्त मजुराचं साधन होतं: एक तुकडी गेली, दुसरी आली, लाइन चालूच. ओळखायचं कसं? त्याच्याकडे मागच्या वर्षी शिकलेल्यांपैकी आज किती जण पगारावर आहेत ते विचारा आणि त्यातल्या एकाला भेटायला मागा. टाळाटाळ झाली की चहा पिऊन उठा. आणि करार पोर्टलवर नोंदलेला नसेल, नुसतं 'ट्रेनी' म्हणून ठेकेदाराच्या यादीत नाव असेल, तर ती अप्रेंटिसशिप नाहीच. मग किमान वेतन मागायचा हक्क आहे, तो सोडू नका.

कुठलीच योजना न घेता सरळ किमान वेतनावर लावणं, हाही मार्ग आहे. वीस वर्षांवरचा, घर चालवणारा मुलगा असेल तर मी तोच सुचवते. त्याला सहा हजारांत शिक म्हणणं जुलूम आहे.

आता जे कुठल्याच फॉर्मवर नसतं ते. लाइनवर बांगड्या, कुंकू, गजरा, मेंदी, मंगळसूत्र चालत नाही. नवीन लग्न झालेली मुलगी असेल तर हे तिच्या सासूला तुम्ही सांगायचं, कामाच्या पहिल्या दिवशी गेटवर वॉचमनने नाही. मी मंगळसूत्रासाठी छोटी कापडी पिशवी लॉकरमध्ये ठेवायला देते आणि सासूला आधी एकदा कारखाना दाखवते. बऱ्याच वेळा तेवढ्याने निभतं. माळकरी घरातल्या मुलाला मासळी किंवा मटणाच्या सेक्शनवर टाकलं तर तो काही न बोलता दुसऱ्या दिवशी येत नाही. हे आधी विचारा, बेकरीला द्या. जातीचंही बोलते, कारण कोणी बोलत नाही. काही छोट्या हॉटेलांत कोण भांडी घासतो आणि कोण भात लावतो हे आडनावावरून ठरतं. सुपरवायझरच्या त्या पानावर प्रत्येक मुलाला प्रत्येक सेक्शन लिहिलेला असला की हे उघडं पडतं आणि बहुतेकदा गप होतं. नाही झालं तर ते ठिकाण यादीतून काढा.

आणि सुट्ट्या. कोकणातला मुलगा शिमग्याच्या पालखीला आणि गौरी-गणपतीला घरी जाणारच, देव आडवा आला तरी. मालकाला हे ऐन वेळी कळलं की 'पोरांना काम नको' हे वाक्य येतं. करारातच लिहा: शिमग्याला इतके दिवस, गणपतीला इतके, बदल्यात मे महिन्यात आणि नाताळात एकही सुट्टी मागणार नाही. मालकालाही तेच हवं असतं. पल्पचा आणि पर्यटनाचा मे महिना सांभाळला गेला की गणपतीचे पाच दिवस तो हसत देतो.

मुलींच्या रात्रपाळीबद्दल माझं मत सरळ आहे. कंपनीची गाडी घरापर्यंत सोडत असेल तर पाठवा, फाट्यापर्यंत सोडत असेल तर नको. आणि एकटी मुलगी कुठेच नको. निदान दोघी, जमलं तर एकाच वाडीतल्या.

मोजमाप कशाचं ठेवायचं ते ठरवा, कारण देणगीदार 'किती जणांना प्रशिक्षण दिलं' एवढंच विचारतात. मी तीन गोष्टी लिहून ठेवते. नव्वदाव्या दिवशी कामावर आहे का. कुठलं काम एकट्याने करतो, सुपरवायझरच्या सहीने. आणि सहा महिन्यांनी हातात किती पडतात. दुसऱ्या ठिकाणी जास्त पगारावर गेला तर माझ्या वहीत तो यशाच्या बाजूला जातो, मालक कितीही रागावला तरी. सोडून आलेल्यांशी मात्र बसून बोला. पंधरा दिवसांच्या आत सोडलं असेल तर कारण बहुधा पाय, प्रवास, जेवण किंवा खोली. दोन-तीन महिन्यांनी सोडलं असेल तर एकाच जागेवर अडकला म्हणून. पहिल्याला तुमची तयारी जबाबदार, दुसऱ्याला ते भिंतीवरचं पान.

मुलं लगेच स्वतःचा धंदा काढायचं म्हणतील, सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के आणि कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे हे त्यांनी ऐकलेलं असतं. वर्ष-दोन वर्षं दुसऱ्याच्या लाइनवर रिजेक्शन किती जातं, माल परत का येतो, उधारी कशी बुडते हे बघून झाल्यावर तो फॉर्म भरायला मी स्वतः बसते. त्याआधी नाही.

तुमच्यासाठी यंदाचा क्रम असा ठेवा. सुरुवातीला वीस जण नकोत, सहा घ्या, आणि तीन ठिकाणं: एक बेकरी, एक निर्यातीचा मासळी कारखाना, एक पल्प. प्रत्येक ठिकाणी दोघं. पल्पवाल्यांशी बोलणं फेब्रुवारीतच उरका, मार्चमध्ये शिमग्याची गडबड असते आणि एप्रिल लागला की सुपरवायझर फोनसुद्धा उचलत नाही. बेकरीला सीझन नाही, ती आजही सुरू करता येईल. उस्तादाला भेटायला दुपारी तीनच्या सुमारास जा, तेव्हा सकाळचा पाव गेलेला असतो आणि रात्रीचं पीठ भिजायचं असतं. जाताना वही आणि वजनकाटा घेऊन जा, आणि पावाचं प्रमाण त्याच्याकडूनच लिहून घ्या.